अज्ञान वारसांची वकील

नाशकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली स्त्री म्हणून घेतले जाते. ज्या मुलांसाठी त्यांनी आयुष्याची सुमारे वीस वर्षे वेचली, त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते.

शेतजमिनीचा सातबारा ज्यांनी बारकाईने वाचला आहे, त्यांना खातेदाराच्या नावापाठोपाठ येणारी अ.पा.क. ही तीन अक्षरे परिचयाची असतील. अज्ञान पालनकर्ता हे त्यांचे पूर्ण रूप. जमीन ज्याच्या नावे आहे तो अजून सज्ञान झालेला नाही, सबब त्याच्या वतीने आई, चुलता किंवा मामा सही करणार, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. कायद्याच्या जुन्या मराठीत अठरा वर्षांखालील मूल अज्ञान ठरते. त्याच्या नावे मालमत्ता असू शकते, त्याच्यावर दावा लागू शकतो, त्याच्याविरुद्ध हुकूमनामाही होऊ शकतो. पण दावा चालवायचा तर त्याच्यासाठी दुसऱ्या कोणी तरी उभे राहावे लागते. नातेवाइकांपैकी कोणी लायक नसेल किंवा असूनही त्याचा स्वार्थ आड येत असेल, तर हा दुसरा कोण, हे न्यायालयाने ठरवायचे असते.

हा नेमलेला माणूस पुष्कळदा मुलाला ओळखतही नसे. आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांत अज्ञान प्रतिवादीचा कोणी वाली पुढे आला नाही, की कोर्टाच्या नाझरालाच दाव्यापुरता पालक नेमण्याची पद्धत होती. बेलीफांवर देखरेख, जप्तीचा माल, कोर्टाची रोकड ही नाझराची रोजची कामे. त्यातच हे आणखी एक. त्याच्याऐवजी एखाद्या वकिलाची नेमणूक झाली, तरी त्याचा मुलाशी संबंध येई तो वकीलपत्रापुरता. कागदावर मुलाला प्रतिनिधी मिळालेला असे आणि दावा कायदेशीररीत्या पुढे सरके. मुलाला काय वाटते, ते कोणाच्या घरात राहते, त्याला जेवू कोण घालते, हे प्रश्न त्या कागदात बसत नसत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगाल सरकारने नेमलेल्या एका बाईंनी हेच काम निराळ्या रीतीने करून दाखविले. ज्यांच्या वतीने बोलायचे त्यांना त्या आधी जाऊन भेटत. त्यासाठी रेल्वे, होडी, पालखी, प्रसंगी हत्ती, असे मिळेल त्या वाहनाने दिवसचे दिवस प्रवास करीत. यातला विरोधाभास असा, की या काळातील बहुतेक वर्षे न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याचा अधिकार खुद्द त्यांनाच नव्हता.

कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेदजी हे पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक. आई फ्रान्सिना ही सर फ्रान्सिस व लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दांपत्याने वाढविलेली. या मानलेल्या आजीचेच नाव नातीला मिळाले. बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. आईने पुण्यात मुलींसाठी शाळा काढल्या आणि त्यांत निरनिराळ्या धर्मांच्या मुलांना एकत्र बसविले. घरात शिस्त इंग्रजी, पेहराव पारशी, प्रार्थना ख्रिस्ती आणि शेजार मराठी-गुजराती, असा एकंदर प्रकार होता. बहिणींपैकी सूझी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा सुरू केली, अॅलिस डॉक्टर होऊन वायव्य सरहद्दीवरच्या बन्नू येथे गेल्या, तर भाऊ बॅरिस्टर झाला. कोणत्याही एका समाजात पूर्णपणे न मावणारे हे कुटुंब होते. पुढे कॉर्नेलियांना कोणाच्याही अंतःपुरात प्रवेश मिळाला, त्याचे एक कारण हेही असावे.

कायद्याकडे त्या वळल्या त्यामागे लहानपणी घरी पाहिलेला एक प्रसंग होता. एक श्रीमंत गुजराती विधवा त्यांच्या आईकडे मदत मागायला आली. तिचा व्यवहार पाहणाऱ्या कारभाऱ्याने विश्वासात घेऊन तिच्याकडून कागदावर सही घेतली होती आणि तिची सारी मालमत्ता स्वतःच्या नावे करून घेतली होती. कागद कोरा की लिहिलेला, लिहिलेला असेल तर त्यात काय, हे त्या बाईला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. बाई परत गेल्यावर आईने मुलीला समजावले, की अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शिकावा लागेल. कॉर्नेलिया यांनी आत्मचरित्रात ही हकिगत सांगितली आहे आणि ती त्यांच्या पुढच्या आयुष्याशी इतकी जुळते, की ती थोडी घासूनपुसून घेतलेली असेल असे मानायलाही जागा आहे. मात्र त्या काळच्या वाड्यांतून अशा सह्या रोज घेतल्या जात होत्या, यात शंका नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या दाखल झाल्या तेव्हा वर्गातील मुले त्यांच्या तोंडावर दार लावून घेत. तरीही त्या पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या. अंतिम परीक्षेत इलाख्यात पहिल्या येणाऱ्याला इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. पहिल्या आल्या कॉर्नेलिया. शिष्यवृत्ती मात्र त्यांना नाकारण्यात आली, कारण ती मुलग्यांसाठी होती. मध्यंतरी त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविले. समोर विद्यार्थी म्हणून सारे पुरुषच. व्हाइसरॉयच्या मंडळाचे माजी कायदा सदस्य लॉर्ड हॉबहाऊस यांच्या पत्नी मेरी यांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून या अन्यायाला वाचा फोडली आणि वर्गणी जमविली. देणगीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि सर विल्यम वेडरबर्न ही नावे होती.

१८८९ साली कॉर्नेलिया इंग्लंडला पोहोचल्या. त्याच वर्षी मुंबईच्या रखमाबाईही वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेल्या. अकराव्या वर्षी लावलेले लग्न आपल्याला मान्य नाही, असे म्हणणाऱ्या रखमाबाईंचा खटला १८८४ पासून चार वर्षे गाजला होता. ज्या वयात मुलीचे मत कायद्याच्या खिजगणतीत नसते त्या वयात झालेल्या गोष्टीची जबाबदारी मोठेपणी तिच्यावर टाकता येते का, असा तो प्रश्न होता. एकाच शहरातून, एकाच वर्षी निघालेल्या या दोघींपैकी एक डॉक्टर झाली आणि एक वकील होण्याच्या मागे लागली.

ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये कायदा शिकणारी दुसरी कोणी स्त्री नव्हती. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जॉवेट यांनी त्यांना पाठबळ दिले. ऑल सोल्सच्या कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १८९२ मध्ये बीसीएल परीक्षेची वेळ आली, तेव्हा स्त्रीची परीक्षा घ्यायची कशी यावर काथ्याकूट झाला आणि अखेर विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना पुरुषांबरोबर परीक्षेस बसू दिले. त्यांना तिसरा वर्ग मिळाला. त्या स्वतः या निकालावर नाराज होत्या. पदवी तर मिळालीच नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदव्या देत नसे. लंडनमधील ली अँड पेम्बर्टन या सॉलिसिटरच्या पेढीत काही काळ काम शिकून १८९३ मध्ये त्या हिंदुस्थानात परतल्या.

पुढची दहा-अकरा वर्षे दारे ठोठावण्यात गेली. काठियावाड आणि इंदूरच्या राजकीय एजन्सींनी त्यांना पडदानशीन स्त्रियांसाठी अर्ज दाखल करण्याची मुभा दिली, पण न्यायालयात उभे राहून बाजू मांडण्याची नाही. गुजरातेतील एका संस्थानिकापुढे त्यांनी चक्क एका हत्तीची कैफियत मांडली. हत्तीच्या चाऱ्यापाण्यासाठी दिलेले आमराईचे उत्पन्न कोणी तरी लाटले होते. राजेसाहेब झोपाळ्यावर बसलेले. त्यांच्या कुत्र्याला बाई पसंत पडल्या, सबब निकाल बाईंच्या बाजूने लागला! न्यायदानाची ही तऱ्हा पाहून त्यांना आनंद होण्याऐवजी धास्तीच वाटली. १८९६ मध्ये पुण्याच्या ब्रिटिश न्यायालयात खुनाच्या एका खटल्यात त्यांना बचावाच्या बाजूने बोलता आले, तेही न्यायालयाच्या परवानगीने आरोपीतर्फे कोणीही उभे राहू शकते या फौजदारी संहितेतील तरतुदीच्या आधारे. म्हणजे वकील म्हणून नव्हे, कोणीही म्हणून. १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा, असे दोन्ही सोपस्कार त्यांनी केले. सनद काही मिळाली नाही.

या धडपडीत त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली आणि तीच त्यांच्या सगळ्या कामाचा पाया आहे. रूढीप्रमाणे चारचौघांत न येणाऱ्या स्त्रियांवर न्यायालयात हजर राहण्याची सक्ती करू नये, अशी सवलत कायद्याने दिली होती. पडदानशीन स्त्रीने केलेला दस्त तिला वाचून दाखविला होता आणि तिला तो समजला होता, हे सिद्ध करण्याचा भारही दुसऱ्या पक्षावर होता. कायदा दिसायला दयाळू होता. प्रत्यक्षात वकील पुरुष, न्यायाधीश पुरुष आणि अशील पडद्याआड, अशा मांडणीत वकिलाला आपल्या अशिलाचा चेहराही दिसत नसे. निरोप घेऊन जाणारा आणि उत्तर घेऊन येणारा असे तो दीर, कारभारी किंवा दिवाण. ज्याच्याविरुद्ध तक्रार असायची, तोच पुष्कळदा दुभाषा. मग कुंपणानेच शेत खाल्ले तर बोलणार कोण?

त्या विधवेच्या मांडीवर इस्टेटीचा वारस असला म्हणजे गुंता आणखी वाढे. पडद्याआड आई आणि आईच्या पदराआड मूल, अशी ही दुहेरी मुकी अवस्था. आईने मुलाचे हित पाहावे अशी अपेक्षा, पण आईला स्वतःचेच हित पाहण्याची साधने नाहीत. त्यातून मूल दगावले तर इस्टेट ज्या चुलत घराण्याकडे जाणार, ते घराणे त्याच वाड्यात राहत असे. मुदपाकखाना कोणाच्या ताब्यात आहे, दाई कोणाच्या ओळखीने आली आहे, या गोष्टींना वारसाहक्काच्या कायद्याइतकेच महत्त्व होते. कायद्याची पुस्तके वाचलेल्या माणसाला हे कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आत जाणे. आणि आत जाऊ शकणार होती फक्त स्त्री.

अशा इस्टेटींची देखरेख बंगालात कोर्ट ऑफ वॉर्ड्स पाहत असे. नावात कोर्ट असले तरी हे न्यायाधीशाचे न्यायालय नव्हे. महसूल खात्याचे वरिष्ठ मंडळच या नावाने काम करी. कायमधाऱ्याच्या पद्धतीबरोबर १७९३ मध्ये या व्यवस्थेचे नियम झाले आणि १८७९ च्या बंगाल कायद्याने तिला नवे रूप दिले. जमीनदार वारला आणि मागे अज्ञान मूल किंवा कारभार करण्यास अपात्र ठरविलेली स्त्री राहिली, की सरकार इस्टेट ताब्यात घेई, तिच्यावर व्यवस्थापक नेमी आणि वारस वयात आल्यावर ती परत करी. हेतू वारसाच्या काळजीचा होता तसाच सरकारी साराही बुडू नये हा होता. दुसरा बहुधा पहिल्यापेक्षा बळकट. मुंबई इलाख्यात याच धर्तीचा कायदा १९०५ साली झाला. १८७५ च्या कायद्यानुसार सर्वसाधारण मूल अठराव्या वर्षी सज्ञान होई, पण कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यातले किंवा न्यायालयाने पालक नेमलेले मूल एकविसाव्या वर्षी. म्हणजे कायद्याने ज्याची काळजी अधिक घेतली, त्याचे अज्ञानपण तीन वर्षांनी वाढे.

कॉर्नेलियांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे लकडा लावला, की प्रांतिक न्यायालयांत स्त्रिया आणि अज्ञान मुले यांची बाजू पाहण्यासाठी एक स्त्री कायदा सल्लागार नेमावा. योजना साधी होती. सल्लागाराने पडद्याआड जाऊन माहिती घ्यायची, अशिलाचे खरे म्हणणे लिहून काढायचे, कागद तपासायचे आणि मग ते प्रकरण सरकारच्या किंवा वकिलाच्या हाती द्यायचे. अनेक अधिकाऱ्यांना हे थोतांड वाटले. बंगालने मात्र प्रयोग करून पाहण्याची तयारी दाखविली आणि १९०४ मध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या लेडी असिस्टंट म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९०७ पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा आणि आसाम एवढा मुलूख त्यांच्याकडे आला होता.

त्यांच्या कामाचे स्वरूप एका पदनामात मावणारे नव्हते. वाड्यात शिरल्यावर आधी तासन् तास गप्पा. देवघर, नवस, ग्रहदशा, सुनेची कुरकुर, सासूचा संताप, हे सारे ऐकून घेतल्याशिवाय इस्टेटीची गोष्ट निघत नसे. मग हळूहळू कळे, की अमुक कागदावर अंगठा कोणाच्या सांगण्यावरून उठवला, तमुक दत्तक कोणाला नको आहे, दागिन्यांची पेटी कोठे गेली. मुलाचा शिक्षक बदलणे, मुलीला शिकविण्याची तजवीज करणे, आजारी वारसाला डॉक्टरला दाखविणे, नेमणुकीची रक्कम खरोखर अंतःपुरात पोहोचते की मधेच मुरते याचा छडा लावणे, ही कामे त्यात आली. सासू-सुनांचे दावे न्यायालयात जाण्याआधीच मिटविण्याकडे त्यांचा कल असे. इस्टेटीवर डोळा असणाऱ्यांनी वारसाच्या जिवावर उठण्याचे, विषप्रयोगाच्या संशयाचे प्रसंगही त्यांनी लिहून ठेवले आहेत. सुमारे वीस वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया आणि पोरकी मुले यांना त्यांची मदत झाली. काहींकडून तर त्यांनी मोबदलाही घेतला नाही.

सनातनी घरांतील बायकांनी या ख्रिस्ती बाईला जवळ केले, याचे नवल वाटते. त्याचे श्रेय त्यांच्या वागण्याला द्यावे लागेल. त्या साडी नेसत, सोवळ्याओवळ्याच्या नियमांना धक्का लावीत नसत आणि कोणाला सुधारण्याचा आव आणीत नसत. बिट्विन द ट्वायलाइट्स (१९०८) आणि द पर्दानशीन (१९१७) या पुस्तकांत त्यांनी या बायकांचे जग रंगविले आहे. ते वाचताना जाणवते, की त्यांना ते जग मनापासून आवडत होते. कदाचित जरा जास्तच. पडदा एका झटक्यात दूर करावा, असे त्यांना कधी वाटले नाही.

आता त्यांच्या कामातली अवघड बाजू. कॉर्नेलिया बोलत कोणाच्या वतीने? कागदोपत्री अज्ञान वारसाच्या. त्यांना पगार देत असे तो सरकारचा कोर्ट ऑफ वॉर्ड्स, म्हणजे ज्याच्या ताब्यात त्या वारसाची इस्टेट होती तोच. वारसाचे भांडण चुलत्याशी असेल तोवर अडचण नव्हती. पण कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्याच व्यवस्थापकाविरुद्ध तक्रार असेल तर? त्या वरिष्ठांशी भांडत, लांबलचक टिपणे लिहीत, आपला हुद्दा आणि अधिकार यांवरून त्यांचे अधिकाऱ्यांशी खटके उडत. तथापि, मुलाच्या प्रतिनिधीने मुलाच्या पालकाकडून पगार घेऊ नये हे तत्त्व त्यांनी मांडल्याचे दिसत नाही. साम्राज्याच्या सद्हेतूवर त्यांचा विश्वास होता आणि त्यामुळे सरकार व मूल यांच्या हितात फारकत असू शकते, हे त्यांना पटले नसते.

दुसरा प्रश्न मुलाच्या इच्छेचा. मुलाच्या वकिलाने मुलाला हवे ते मांडायचे, की त्याच्या भल्याचे? हा वाद जगभरच्या बालन्यायालयांत आजही मिटलेला नाही. कॉर्नेलियांचा कौल निःसंशय भल्याच्या बाजूने होता, आणि भले कशात हे त्याच ठरवीत. मायाळू, पण हुकमी. तरीही, मुलाचे भले ठरविण्याआधी मुलाला डोळ्यांनी पाहिले पाहिजे, एवढी साधी अट त्यांनी स्वतःपुरती पाळली. त्या काळच्या कायद्यात ती कोठेही लिहिलेली नव्हती. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने, पुरेशी समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालयाने विचारात घेण्यास मुभा दिली होती. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३२ ने अज्ञान प्रतिवादीसाठी दाव्यापुरता पालक नेमणे न्यायालयावर बंधनकारक केले आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून त्या पालकाला तडजोड करण्यास बंदी घातली. हा आदेश आजही लागू आहे. नेमलेल्या पालकाने मुलाला भेटलेच पाहिजे, असे त्यात नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मुलांना मोफत वकिलाचा हक्क दिला आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ४० ने अत्याचारग्रस्त मुलाच्या कुटुंबाला स्वतःचा वकील देण्याची, ऐपत नसेल तर प्राधिकरणाकडून मिळविण्याची तरतूद केली. त्याला कॉर्नेलियांच्या नेमणुकीनंतर शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

१९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले. वकिलीची सनद देणे सरकारच्या किंवा न्यायालयांच्या मनात अद्याप नव्हते. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा आणि १९२१ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून फेटाळला. कायद्यातील पुल्लिंगी शब्दात स्त्री येते की नाही, यावर न्यायमूर्तींनी पाने खर्ची घातली. अलाहाबादने मात्र १९२१ मध्येच कॉर्नेलिया यांना वकील म्हणून नोंदवून घेतले. ज्या परीक्षेच्या जोरावर ही नोंद व्हायची ती त्यांनी बावीस वर्षांपूर्वी दिली होती. १९२२ मध्ये ऑक्सफर्डने पदवी दिली, तीस वर्षांनी. १९२३ मध्ये लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा झाला. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री मिठन टाटा, पुढे मिठन लाम, याच सुमाराच्या.

वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, १९२४ मध्ये, कॉर्नेलियांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. ज्या क्षणाची इतकी वर्षे वाट पाहिली तो आला तेव्हा हाती फारसे काही लागले नाही. कलकत्त्याच्या बारमधील पुरुषांनी त्यांना आपल्यात घेतले नाही आणि त्यांच्या वाट्याला बहुतांशी कागदावर अभिप्राय लिहिण्याचेच काम आले. ज्या बाईने पालखीत बसून वाडे पालथे घातले, तिला उच्च न्यायालयाच्या दालनात बोलण्याची संधी क्वचितच मिळाली. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या.

त्यांचे नाव मागे पडण्याचे कारण मात्र हे नव्हे. १९२७ मध्ये अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयो हिचे मदर इंडिया प्रसिद्ध झाले आणि देशभर संतापाची लाट उसळली. कॉर्नेलियांनी त्या पुस्तकाची बाजू घेतली. गांधीजी आणि काँग्रेसचे राजकारण त्यांना मान्य नव्हते आणि हे त्या इंग्लंड-अमेरिकेत जाहीर व्याख्यानांतून सांगत. ज्या हिंदी स्त्रियांच्या सहकार्यावर त्यांच्या बालकल्याणाच्या योजना अवलंबून होत्या, त्यांनीच मग पाठ फिरविली. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात अशा व्यक्तीला जागा मिळणे कठीण होते आणि ती मिळालीही नाही. त्यांच्या राजकीय मतांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण वाड्यांतील त्या सहाशेंच्या प्रकरणांचा हिशेब त्या मतांच्या खात्यावर मांडला गेला, हेही खरे.

इंडिया कॉलिंग हे आत्मचरित्र १९३४ मध्ये आले, पाठोपाठ १९३६ मध्ये इंडिया रिकॉल्ड. दृष्टी अधू होत चालली होती. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले होत असतानाही त्या लंडनमध्येच राहिल्या. ६ जुलै १९५४ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्याआधीच जमीनदारी निर्मूलनाचे कायदे होऊन त्यांनी सांभाळलेल्या इस्टेटी इतिहासजमा होऊ लागल्या होत्या. न्यायालयाने पालक नेमलेल्या मुलाचे अज्ञानपण एकविसाव्या वर्षापर्यंत लांबविणारी १८७५ च्या कायद्यातील तरतूद त्यांच्या मृत्यूनंतरही पंचेचाळीस वर्षे टिकली. ती १९९९ मध्ये रद्द झाली. त्यांची पत्रे, रोजनिशा आणि कामाचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लिंकन्स इनमध्ये २०१२ साली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला.